काढ्याच्या सात प्रती

चोवीस वर्षांत माझ्या रेकॉर्ड सेक्शनमधून एकही कागद गहाळ झालेला नाही. एकही! आमच्या भोपाळच्या कारखान्यात साहेब बदलले, साहेबांचे साहेब बदलले, एकदा तर एका विभागाचं अख्खं टेबल हरवलं आणि आठ महिन्यांनी कँटीनमध्ये सापडलं, वर समोसे मांडलेले. पण माझ्या कपाटातला कागद? छे! नाव नको. फाईलला लागलेल्या कागदावर एकदा पान नंबर पडला, की तो प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी काढता येत नाही, हा नियम माझा. माझा म्हणजे अक्षरशः माझा! एकोणनव्वद साली मीच तो टाईप केला, मीच साहेबांची सही आणली, मीच सगळ्या विभागांत वाटला. प्रत्येक ऑफिसात भिंतीवर कॅलेंडरशेजारी तो चिकटवलेला असतो: ‘पृष्ठांकन के पश्चात कोई काग़ज़ फ़ाइल से न निकाला जाए.’ खाली नाव, श. अ. बोकील.

मिरवायचं म्हणून सांगत नाहीये. (मिरवतेच आहे थोडी, पण ते जाऊ द्या.) हाच नियम पुढे माझ्याच मानगुटीवर कसा बसला, ते कळायला हवं म्हणून आधीच सांगून ठेवलं.

गोष्ट पंचाण्णव सालच्या मे महिन्यातली. मी एकोणपन्नास वर्षांची. पाळी जाण्याचे दिवस. आता यात लपवण्यासारखं काय आहे, असं तुम्ही आज म्हणाल. तेव्हा नव्हतं हो तसं! तेव्हा टाउनशिपमध्ये कुणाच्या घरी प्रेशर कुकरची रिंग बदलली तरी तिसऱ्या गल्लीत कळायचं, पण या विषयावर सगळ्या बायका तोंड शिवून बसायच्या. आणि मला तर या त्रासातून सुटका नव्हती. चांगली कामात असताना छातीतून एकदम वाफ निघायची, मान, कान, कपाळ भट्टीसारखं तापायचं, घामाच्या धारा लागायच्या, आणि दोन मिनिटांनी काही झालंच नाही असं सगळं शांत!

टाउनशिपच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी वर न बघता सांगितलं, “उम्र का है.” झालं! बसस्टॉप विचारला असता तर यापेक्षा जास्त बोलल्या असत्या.

ते सगळं मी सोसलं असतं. पण या वाफेनं माझी बढती खाल्ली होती! दोन वर्षांपूर्वी रेकॉर्ड सेक्शनच्या सुपरिंटेंडेंटच्या जागेसाठी मुलाखत झाली. मला प्रत्येक उत्तर पाठ. आणि पहिल्याच प्रश्नाला आली ती वाफ! पदर भिजला, चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला. समितीचे साहेब मायेनं म्हणाले, “घबराइए मत, मैडम. पानी पीजिए.”

मी घाबरले नव्हते! अहो, जी बाई चोवीस वर्षं युनियनच्या पुढाऱ्यांना फाईल न देता परत पाठवते, ती तीन साहेबांना घाबरेल? पण हे सांगायचं कसं? ‘घाबरले नाहीये, माझी पाळी जातेय’ असं सांगायचं? पाणी प्यायले आणि उठले. जागा मिळाली ती एका गृहस्थाला, जो फायली उलट्या लावायचा. पावणेदोन वर्षांत त्यानं सेक्शनची अशी वाट लावली की शेवटी त्याची बदली करावी लागली.

आता जागा पुन्हा रिकामी झाली होती. मुलाखत गुरुवारी, अठरा मेला, दुपारी तीनला. माझ्यासमोर एकच उमेदवार, माझ्याच सेक्शनमधला रवींद्र दुबे. चौतीस वर्षांचा, गोड बोलणारा, मला ‘दीदी’ म्हणणारा. मी ठरवलं होतं की या खेपेला ‘घबराइए मत’ ऐकायचं नाही. काहीही करून त्या अर्ध्या तासात वाफ येता कामा नये. आणि येतेय हे कुणाला कळताही कामा नये.

माझं हे गुपित एकाच बाईनं ओळखलं. शेजारच्या क्वार्टरमधल्या कमलिनीताई. त्यांचे वडील नागपूरचे, छप्पन्न साली सरकारी ऑफिसाबरोबर भोपाळला आले ते इथलेच झाले. बोलणं निम्मं नागपुरी, निम्मं भोपाळी.

“काऊन वं शशी, मटार सोलता सोलता पदरानं वारा काऊन घेऊन राहिली?” त्यांनी एका नजरेत निदान केलं. “मले बी झालं होतं न हे. टेन्शन नको घेऊ. माह्या सासूचा काढा हाय, एकदम ए-वन.”

पुढच्याच रविवारी आम्ही दोघी मिनीबसनं जुन्या शहरातल्या चौक बाजारात गेलो. तिथल्या पंसाऱ्याकडून अशोकाची साल, शतावरी, ज्येष्ठमध, धने, बडीशेप असा पुडका बांधून आणला. पंसाऱ्यानं विचारलं, “किसके लिए चाहिए, बहनजी?” कमलिनीताई ताडकन म्हणाल्या, “भैंस के लिए!” माझं गुपित राखायचं म्हणून, पण मला काही ते आवडलं नाही.

काढा कडू, काळपट आणि आंबूस. चार दिवस घेतला. आता काढ्यामुळे म्हणा, आशेमुळे म्हणा, बारा वाफांच्या अकरा झाल्या. हा आकडा माझा नाही, आमच्या ह्यांचा. आमचे हे, अच्युत बोकील, कारखान्यात इन्स्पेक्शनला. सत्तावीस वर्षं लोकांच्या कामात खोट काढायचा पगार घेतात. माझ्या वाफा सुरू झाल्यापासून त्यांनी स्वयंपाकघराच्या दारामागे आलेखाचा कागद लावला होता. मला वाफ आली की हे पेन्सिल घेऊन हजर!

“शशी, किती सेकंद?”

“अहो, मी पोळ्या करतेय!”

“म्हणजे तव्याची उष्णता धरून की सोडून?”

सांगा, अशा माणसाला काय करायचं? लाटणं हातात होतं, तरी मी संयम ठेवला.

पाचव्या दिवशी काढ्याचा रंग जरा फिका आला. ह्यांच्या कपाळाला आठी. “रोज रंग वेगळा येतोय. आत काय आहे, कळायला नको? तुझ्या पोटात जातंय ते!”

आता हे प्रेम होतं, हे मला कळतं. आजही कळतं. पण हे प्रेम त्यांनी एका बाटलीत भरलं आणि सोमवारी सकाळी मला न सांगता डब्याच्या पिशवीतून कारखान्यात नेलं! तिथल्या केमिकल लॅबमध्ये विजयबाबू म्हणून त्यांचे मित्र. त्यांच्याकडून गुपचूप तपासून घ्यायचं, एवढंच ह्यांच्या मनात.

पण आमच्या कारखान्याच्या गेटवर बाटलीला गुपचूप आत जाता येतं का? शिपायानं पिशवीत हात घातला.

“बोतल में क्या है, साब?”

“काढ़ा.”

“अंदर काहे को?”

“टेस्टिंग.”

“टेस्टिंग है तो फॉर्म भरिए.”

दुसरा कुणीही नवरा असता तर म्हणाला असता, ‘मला खोकला झालाय’, आणि गेला असता आत. पण सत्तावीस वर्षांत ह्यांनी फॉर्मवर खोटं अक्षर लिहिलेलं नाही! नमुना परीक्षणाचा फॉर्म म्हणजे सात प्रतींचा, मध्ये सहा कार्बन. एकही रकाना रिकामा सोडलेला चालत नाही. तिथे, गेटवर, स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून, बॉलपेन दाबून दाबून ह्यांनी लिहिलं:

‘नमूना: काढ़ा. उपयोगकर्ता: श्रीमती शशिकला बोकील, रेकॉर्ड सेक्शन. आयु: ४९ वर्ष. शिकायत: अचानक तापमान बढ़ना, पसीना, चिड़चिड़ापन. आवृत्ति: दिन में ११ बार.’

चिडचिडेपणा! सातही प्रतींवर! सातव्या प्रतीवर अक्षर फिकट उठतं म्हणे, म्हणून तो शब्द ह्यांनी पुन्हा गिरवला!

विजयबाबूही ह्यांच्याच माळेतले मणी. फॉर्म आला म्हणजे काम सरकारी. त्यांनी काढा रीतसर तपासला. आता लॅबमध्ये काढ्याची कसोटी कुठून असणार? तपकिरी आणि पातळ दिसला म्हणून मशीनच्या तेलाच्या सगळ्या कसोट्या लावल्या. निष्कर्ष त्याच फॉर्मवर खाली लिहिला, आणि नियमाप्रमाणे सात प्रती सात ठिकाणी रवाना झाल्या.

मला यातलं काहीएक माहीत नव्हतं! मंगळवारी अकराला टपाल आलं. आवक रजिस्टर माझ्याकडेच. मी पाकीट फोडलं, शिक्का मारला, नंबर घातला आणि विषय लिहिण्यासाठी कागद उघडला.

आधी माझं नाव दिसलं. मग वय. मग पसीना. मग चिडचिडेपणा. मग निष्कर्ष: ‘धातु के कण नहीं पाए गए. चिकनाई अपर्याप्त. मशीन में प्रयोग हेतु अयोग्य.’

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आणि त्याच क्षणी छातीतून वाफ निघाली, आलेखात बसणार नाही एवढी! समोर रवींद्र बसला होता. त्याला उलटं वाचता येतं. रेकॉर्डमधल्या सगळ्यांना येतं. तो हळूच उठला आणि म्हणाला, “दीदी, पंखा आपकी तरफ़ कर दूँ?”

मेले! मेल्याहून मेल्यासारखी झाले! चिडवलं असतं तर चाललं असतं हो, मी उलटून बोलले असते. पण दया?

कागदाच्या तळाशी यादी होती, प्रती कुणाकुणाला. लॅब, इन्स्पेक्शन आणि आम्ही, या तीन तर गेल्याच. बाकीच्या सेफ्टी, स्टोअर्स, दवाखाना. आणि सातवी, पर्सोनेल. पर्सोनेल म्हणजे माझी मुलाखत घेणारे! गुरुवारी तीन वाजता त्या तीन साहेबांपुढे माझी फाईल उघडणार होती आणि तिच्यात दिवसातून अकरा वेळा तापणारी बाई बसलेली असणार होती!

मी उठले. चपला घालते न घालते तोच दारात सेफ्टीवाल्यांचा माणूस. खांद्यावर लालभडक आग विझवायचं नळकांडं.

“मैडम, अचानक तापमान बढ़ने वाली जगह यही है?”

“कुठे बढ़तंय? कुछ नहीं बढ़ता! जाओ!”

“रिपोर्ट आई है, मैडम. चौबीस घंटे में लगाना पड़ता है.” आणि त्यानं माझ्या, माझ्या खुर्चीच्या मागे भिंतीत खिळा ठोकून ते नळकांडं टांगलं! सही घेतली आणि जाताना म्हणाला, “पिन खींचकर दबाना है, बस.”

चीड आली, पण चिडायचीही चोरी! चिडले तर रिपोर्ट खरा ठरतो!

तिथून स्टोअर्सला गेले. भर मे महिना, अकराचं ऊन, अवधपुरीकडून लू, तो भाजणारा वारा, सुटलेली. स्टोअर्सच्या बाबूनं मला बघून उठून खुर्ची दिली. एरवी तो वर बघत नाही! म्हणाला, “मैडम, महीने में कितने लीटर लगेगा? साल का इंडेंट एक साथ बना दें.” मी प्रत मागितली. ती त्यानं तेल आणि ग्रीसच्या फाईलला लावून टाकली होती. पान नंबर दोनशे सहा. बाबूनं भिंतीकडे बोट दाखवलं. कॅलेंडरशेजारी माझा नियम. खाली माझं नाव.

दवाखान्याची प्रत मागायची गरजच पडली नाही. ती माझ्या टेबलावर परत येऊन पडली होती. वर लाल शाईत डॉक्टरीणबाईंचा शेरा: ‘उम्र का है.’ आता लेखी!

पर्सोनेलला पोहोचेस्तोवर जेवणाची सुट्टी झाली होती. शकुंतला म्हणून तिथली बाई माझ्या ओळखीची, हळदीकुंकवाला येणारी. डबा खात होती. मी तिच्या टेबलावर दोन्ही हात टेकले.

“शकुंतला, माझ्या फाईलला आज एक कागद आलाय. चुकून आलाय. मला दे.”

तिनं घास गिळला. “सकाळी लागला गं. पान चौदा.”

“नंबर घातलास?”

“दहा वाजता.”

“पेन्सिलनं ना? सांग ना, पेन्सिलनं ना?”

“शाईनं. तूच शिकवलंस ना मला! अठ्ठ्याऐंशी साली, ट्रेनिंगमध्ये. पेन्सिलनं नंबर घालणारा उद्या कागदही खाईल, असं म्हणाली होतीस.”

म्हणाले होते. चांगली टाळी पडली होती तेव्हा.

“शकुंतला, माझ्या अब्रूचा प्रश्न आहे.”

तिचे डोळे भरून आले, खरंच आले. म्हणाली, “शशी, तू म्हणशील तर काढते. पण तू म्हण. तुझ्या तोंडानं म्हण, की काढ.”

पण माझी चोवीस वर्षं आडवी आली! मी तशीच परत फिरले. बाहेर येऊन गुलमोहोराखाली उभी राहिले आणि रडले. राग कुणाचा होता कोण जाणे, ह्यांचा, शकुंतलाचा, की माझाच.

संध्याकाळी घरी जो काय दंगा झाला, तो मी सांगत नाही. कमलिनीताईंना भिंतीपलीकडून सगळा ऐकू गेलाय, त्यांना विचारा.

“अगं, पण मी खोटं काय लिहिलं?” हे म्हणाले. आणि वर, “उलट मी अकराच लिहिलं. परवा बारावी आली होती. पण ती तू माझ्यावर ओरडत होतीस म्हणून, तांत्रिकदृष्ट्या धरता येत नाही.”

मी स्वयंपाकघरात गेले, दारामागचा आलेख काढला आणि त्याच्यावर कांदे चिरले. रात्री फक्त खिचडी केली, लोणचंसुद्धा वाढलं नाही.

बुधवारपर्यंत टाउनशिपमध्ये बातमी फुटली होती. भाजीवालीपाशी बायका मला वाट देऊ लागल्या. एकीनं सांगितलं जवस खा, दुसरीनं सांगितलं मेथी भिजवून खा, तिसरी म्हणाली गुलकंद, चौथी कानात म्हणाली, “तुमचा तो काढा मला थोडा मिळेल का हो? मशीनला चालत नसला तरी मला चालेल.” संताप संताप झाला! इतकी वर्षं या बाया तोंड शिवून होत्या, आणि मी उघडी पडल्यावर सगळ्यांना वाचा फुटली!

काढ्याची तर गंमतच. शिल्लक होता तेवढा ह्यांनी बाटलीत भरून नेला होता, आणि कमलिनीताई भावाकडे लग्नाला नागपूरला निघून गेल्या. हबीबगंज स्टेशनवर गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून ओरडून प्रमाण सांगितलं, पण ‘अशोकाची साल दोन’ एवढंच ऐकू आलं. दोन काय? तोळे? चमचे? तुकडे? म्हणजे गुरुवारी मी काढ्याशिवाय!

मग मी माझी तयारी केली. वाफ येणारच असेल तर निदान दिसता कामा नये. सगळ्यांत पातळ मलमलची साडी नेसले, बिनअस्तराचं पोलकं घातलं. कानामागे वाळ्याचं अत्तर, पर्समध्ये ओला रुमाल, पोटात सब्जाचं गार पाणी दोन ग्लास. हे मला स्कूटरवरून सोडायला आले. गेटपाशी म्हणाले, “शशी, मी चुकलो.” सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा! मी म्हटलं, “लेखी द्या. सात प्रतीत!” आणि आत गेले.

आधी रवींद्र जाऊन आला होता. बाहेर बाकावर दोन्ही हात काखेत घालून बसला होता. मला बघून उभा राहिला आणि “दीदी, अंदर...” असं काहीतरी म्हणू लागला. तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

दार उघडलं आणि मला वाटलं, चुकून बर्फाच्या कारखान्यात आले! एसी पूर्ण सोडलेला. शिवाय दोन उभे पंखे, दोन्हींचं तोंड उमेदवाराच्या खुर्चीकडे. टेबलावर बर्फ घातलेला पाण्याचा जग. समितीचे तीन साहेब खुर्चीच्या पाठीवर असतात ना ते पांढरे टॉवेल, ते खांद्याभोवती लपेटून बसले होते, गंगास्नान करून आल्यासारखे. मधले महाप्रबंधकसाहेब नाक पुसत म्हणाले, “आइए, मैडम. आपकी सुविधा के लिए... पेज चौदह...”

बसले. पंख्याचा झोत मलमलच्या साडीतून आरपार. पोटात सब्जा, मानेवर वाळा! वाफेची मी वाट बघितली. खरंच सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मी मनोमन तिला हाक मारली. ये गं बाई, आता ये! दिवसातून अकरा वेळा येणारी, आज ती फिरकली नाही! दात कडाकडा वाजायला लागले. पहिला प्रश्न विचारला, आणि माझ्या तोंडून “स-स-स-सर” एवढंच निघालं.

महाप्रबंधकसाहेब पुढे झुकले. मायेनं म्हणाले, “घबराइए मत, मैडम.”

झालं! माझा तोल सुटला!

“मैं घबराई नहीं हूँ!” मी उभीच राहिले. “दो साल पहले भी नहीं घबराई थी! तब गर्मी हो रही थी, अब ठंड लग रही है! पहले वह पंखा बंद कीजिए!”

तिघांपैकी एकानं चपळाईनं उठून दोन्ही पंखे बंद केले. मला वाटतं तो त्याच क्षणाची वाट पाहत होता. मी खुर्चीत बसले आणि जे विचाराल ते सांगत गेले. फायली किती वर्षं ठेवायच्या, नकाशे कसे गुंडाळायचे, वाळवी कशी रोखायची. रागात माझी स्मरणशक्ती फार चांगली चालते.

शेवटी महाप्रबंधकसाहेबांनी फाईल बंद केली आणि टॉवेल सावरत विचारलं, “मान लीजिए, किसी फ़ाइल में कोई काग़ज़ लग गया है. लगना नहीं चाहिए था. किसी का दिल दुखता है उससे. नंबर पड़ चुका है. आप सुपरिंटेंडेंट हैं. निकालेंगी?”

एसी तेवढा घुरघुरत होता. मला कळलं, कोणता कागद. ‘निकालूँगी’ म्हटलं असतं तर तो तिथल्या तिथे निघाला असता. साहेबांचा हात फाईलवरच होता.

“नहीं,” मी म्हटलं. “काग़ज़ मेरा है, शर्म भी मेरी है. नंबर पड़ गया. नहीं निकलेगा.” आणि मग, माझी मलाच एवढी कीव आली की डोळे पुसायला तो ओला रुमाल काढावा लागला.

“आप जा सकती हैं,” साहेब म्हणाले.

बाहेर आले ती संपलंच म्हणून आले. बाकावर रवींद्र अजून बसलेला. आम्ही दोघं चटका बसणाऱ्या व्हरांड्यात उन्हात उभे राहून अंग शेकत होतो.

“तुला शेवटी काय विचारलं रे?”

“वही, दीदी. काग़ज़ वाला.” तो खाली बघत म्हणाला. “मैंने कहा, निकाल दूँगा, सर. दीदी की इज़्ज़त का सवाल है.”

आता याच्यावर रागवायचं कसं, सांगा! तीन दिवस मी त्याच्या पंख्यावर दातओठ खाल्ले होते. मी त्याला कँटीनमध्ये नेऊन गरम चहा आणि दोन समोसे खाऊ घातले. टेबल तेच होतं, एकदा हरवलेलं.

दहा दिवसांनी ऑर्डर आली. सुपरिंटेंडेंट, रेकॉर्ड सेक्शन: श्रीमती श. अ. बोकील! ह्यांनी पेढे वाटले, कमलिनीताईंनी नागपूरहून संत्र्याची बर्फी आणली. काढ्याचं श्रेय अर्थात त्यांनी स्वतःकडे घेतलं. चार दिवस प्यायलेला काढा आणि मुलाखतीला बर्फ, पण सांगणार कोण!

पहिल्याच दिवशी, सगळे जेवायला गेल्यावर, मी माझ्या केबिनचं दार लावलं. हो, मला केबिन मिळाली होती. खिडकीत नवाकोरा कूलर, वाळ्याच्या ताट्यांचा, गार वाऱ्याचा. त्या वाऱ्यात माझी दुपारची वाफ आली, भिरभिरली आणि मुकाट्यानं निघून गेली. सुख म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

आता सुपरिंटेंडेंट म्हणून पर्सोनेलच्या सगळ्या फायलींच्या कपाटाच्या किल्ल्याही माझ्याकडे. मी माझी फाईल काढली. पान चौदा. तेच ते. पसीना. चिडचिडेपणा, दोनदा गिरवलेला. कोण बघतंय? चोवीस वर्षांत एक कागद. फक्त एक! मुलाखतीत बोलले ते बोलले, पण तेव्हा माझ्याजवळ किल्ली कुठे होती? मी दोऱ्यापाशी कागद धरला आणि ओढला. टर्र! अर्धा इंच फाटलाही.

तेवढ्यात खालचं पान दिसलं. पान पंधरा. महाप्रबंधकसाहेबांची सही. ‘सुपरिंटेंडेंट को कूलर की पात्रता नहीं है. तथापि, पेज १४ पर दर्शित कारणों से, विशेष प्रकरण मानकर, एक कूलर स्वीकृत. पेज १४ न होने की दशा में स्वीकृति रद्द मानी जाए.’

मी कूलरकडे बघितलं. कूलरनं माझ्याकडे गार वारा सोडला.

नियम म्हणजे नियम हो! पृष्ठांकनानंतर कागद काढायचा म्हणजे काय? मी ड्रॉवरमधून डिंकाची बाटली काढली, आणि पान चौदाची फाटलेली कड दोन्ही बाजूंनी चांगली घट्ट चिकटवली.